सेफ्टी रिकॉल: गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी घेणाऱ्यांना गाडी तपासून द्यायचं काम मी करतो. बॉनेट उघडण्याआधी मी आरसी मागून घेतो आणि चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघतो. कधी कधी त्या दोन मिनिटांत असं काही निघतं की घेणारा आणि विकणारा दोघंही गप्प होतात. "पण गाडीला तर काहीच झालेलं नाही," असं मग विकणारा म्हणतो. अशा बाकी राहिलेल्या रिकॉलबद्दल लोकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

गाड्या परत मागवल्या म्हणजे कंपनी माझी गाडी काढून घेणार का?

नाही. पेपरात 'गाड्या परत मागवल्या' असं छापून येतं, त्यामुळे हा गैरसमज होतो. गाडी तुमचीच राहते. ठरावीक तारखांदरम्यान बनलेल्या गाड्यांत एखादा भाग सदोष गेल्याचं कंपनीला कळतं, आणि तो तपासायला, लागला तर बदलून द्यायला ती त्या सगळ्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावते. यालाच रिकॉल म्हणतात.

यादीत नाव आलं म्हणजे तुमच्या गाडीतला भाग खराबच आहे, असंही नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी २,३६,९६६ मोटरसायकली परत मागवल्या. प्रत्यक्षात १० टक्क्यांहून कमी गाड्यांत कॉइल बदलावी लागेल, असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. पण आपली गाडी त्या थोडक्यांत आहे की बाकीच्यांत, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

माझी गाडी यादीत आहे का, हे कसं बघायचं?

चासी नंबरवरून. एमएच किंवा जीए ने सुरू होणारा नंबरप्लेटचा नंबर इथे सहसा पुरत नाही, कारण कंपनी गाडी ओळखते ती चासी नंबरावरून. यालाच व्हीआयएन म्हणतात. तो १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. आरसीवर, विम्याच्या पॉलिसीवर आणि एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमधल्या आरसीवर तो मिळतो. गाडीवर बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर, बॉनेटखाली किंवा पुढच्या सीटखाली कोरलेला असतो. मोटरसायकलवर हँडलच्या मुंडीपाशी बघा.

टाइप करताना एक ध्यानात ठेवा. चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. ओसारखं दिसलं तर ते शून्य आहे आणि आयसारखं दिसलं तर तो एक आहे. 'माझी गाडी यादीत नाही' म्हणून निर्धास्त झालेल्या दोन जणांचा नंबर मी पुन्हा टाकला, तेव्हा घोळ या शून्यातच निघाला.

नंबर मिळाला की कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर टाका. जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा: "या चासी नंबरवर कुठलं रिकॉल पेंडिंग आहे का?" नेमके हेच शब्द वापरा. "गाडीत काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलंत तर पलीकडून सर्व्हिसची तारीख मिळेल, उत्तर मिळणार नाही. वर्षातून दोनदा हे करा, कारण आज यादीत नसलेली गाडी सहा महिन्यांनी नव्या रिकॉलमध्ये येऊ शकते.

मला तर पत्र, फोन, मेसेज काहीच आलेलं नाही.

न येण्याची शक्यता भरपूर आहे. कंपनीकडे पत्ता आणि मोबाइल नंबर असतो तो शोरूममधून नवी गाडी घेणाऱ्याचा. त्याने घर बदललं, नंबर बदलला, गाडी विकली की दुवा तुटला.

चिपळूणच्या एका ओळखीच्या मास्तरांनी ठाण्याहून आठ वर्षं जुनी गाडी घेतली होती. गाडी उत्तम. एकहाती वापरलेली, रंग शाबूत, इंजिनाचा आवाज सुरेख. घेऊन दोन वर्षं झाल्यावर त्यांनी मला सहज दाखवली. चासी नंबर टाकला तर ड्रायव्हरच्या बाजूच्या एअरबॅगचं रिकॉल चार वर्षांपासून बाकी! आधीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "हो, आलं होतं खरं पत्र. सर्व्हिसची जाहिरात वाटली, रद्दीत गेलं." मास्तरांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत उभे राहिले. त्यांची मुलगी त्याच सीटवर बसून गाडी शिकत होती.

यात त्या आधीच्या मालकाला दोष द्यायचं माझ्या मनात येत नाही. जाहिरातीसारखं दिसणारं पत्र कुणीही टाकून देईल. म्हणून जुनी गाडी घेतली असेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून चासी नंबरासमोर तुमचं नाव आणि मोबाइल नंबर घालून घ्या. आरटीओत गाडी नावावर झाली म्हणजे कंपनीच्या नोंदीतही नाव आपोआप बदललं, असं धरून चालू नका.

दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या एअरबॅगचं आता काय घेऊन बसायचं?

हा प्रश्न ऐकला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. एअरबॅगच्या या रिकॉलमध्ये गाडी जितकी जुनी तितका धोका जास्त.

जगातलं सर्वांत मोठं वाहन रिकॉल एअरबॅगचंच आहे. ताकाता ही जपानी कंपनी अनेक वाहन कंपन्यांना एअरबॅग पुरवायची. धडक बसली की डोळ्याची पापणी लवायच्या आत एअरबॅग फुगते. ती फुगवण्यासाठी स्टिअरिंगच्या मधोमध धातूचा एक चपटा डबा असतो, त्याला इन्फ्लेटर म्हणतात. त्यात घन इंधन असतं. ते पेटतं, वायू तयार होतो आणि पिशवी भरते. ताकाताने त्या इंधनात अमोनियम नायट्रेट वापरलं, आणि कोट्यवधी डब्यांत ओलावा शोषून घेणारा पदार्थ घातलाच नाही.

अमोनियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढतं. दिवसा ऊन, रात्री गारवा, पुन्हा ऊन, असं वर्षानुवर्षं चाललं की त्या इंधनाच्या वड्या आतून भुसभुशीत होतात. मग धडकेच्या वेळी त्या हव्या त्यापेक्षा कितीतरी वेगाने पेटतात, डब्याला दाब सोसत नाही आणि डबाच फुटतो. धातूचे तुकडे पिशवी फाडून थेट गळ्यावर, चेहऱ्यावर येतात. २००९ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात १८ वर्षांच्या एका मुलीचा असाच जीव गेला. तिच्या गाडीची टक्कर किरकोळ होती. एअरबॅग नसती तर ती मुलगी वाचली असती, हे मला आजही सहजपणे लिहिता येत नाही.

अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर या रिकॉलमध्ये आले, जगभरात १० कोटींच्या आसपास. ताकाताने २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिथल्या सरकारने भाग बदलायचा क्रम ठरवला तो गाडीचं वय आणि हवामान बघून. फ्लोरिडा, हवाई, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, म्हणजे उष्ण आणि दमट भाग आधी. आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा: मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी. ज्या हवेत मीठ डब्यात ओलं होतं आणि पापड हातात वाकतो, त्या हवेत ही गाडी अंगणात उभी असते.

भारतात होंडाने या इन्फ्लेटरसाठी टप्प्याटप्प्याने गाड्या बोलावल्या. जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८०, जानेवारी २०१८ मध्ये २०१३ साली बनलेल्या २२,८३४, आणि एप्रिल २०१९ मध्ये २००३ ते २००६ च्या ३,६६९ अकॉर्ड. याआधीच्या टप्प्यांत याहून मोठे आकडे होते. या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि पत्रं गेली ती पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. तुमच्याकडे त्या काळातली गाडी असेल तर हे पान इथेच थांबवा आणि आधी चासी नंबर तपासा.

डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागत नाही. मग ठीकच आहे ना?

दिवा सांगतो तो वायरिंगचा आणि सेन्सरचा बिघाड. डब्यातलं इंधन कसं आहे हे त्याला कळत नाही. सदोष इन्फ्लेटरच्या गाडीतही तो दिवा इग्निशन ऑन केल्यावर नेहमीसारखा लागतो आणि विझतो.

मग फ्यूज काढून एअरबॅग बंदच करून टाकू का?

नको. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून तर मुळीच नको. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरशी खेळताना ती हातातच फुटू शकते. आणि बंद एअरबॅगची गाडी पुढे दुसऱ्या कुणाच्या हाती जाते, तेव्हा त्याला ते माहीतही नसतं.

काम होईपर्यंत गाडी चालवायची की नाही?

हे रिकॉलच्या मजकुरावर अवलंबून आहे, त्यामुळे तो मजकूर पूर्ण वाचा. सगळी रिकॉल सारखी नसतात.

जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्यांचा एअरबॅग कंट्रोलर बदलायला बोलावलं, तेव्हा तो बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के१० गाड्यांच्या स्टिअरिंग गिअरबॉक्ससाठीही तेच सांगितलं. अशा वेळी गाडी उभी करा आणि ती उचलून न्यायला किंवा घरी येऊन काम करायला सर्व्हिस सेंटरला सांगा. "एवढ्या जवळच तर जायचंय, चालवतच नेतो," असं म्हणू नका. स्टिअरिंग गेलं तर अंतर किती होतं याला काही अर्थ नसतो.

काही रिकॉलमध्ये गाडी वापरता येते, पण जपून. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीच्या सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल६ अशा १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी बोलावल्या. तेव्हा सूचना होती की साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका. ती सूचना आली सप्टेंबरात. मुंबईत आणि कोकणात पाऊस अजून चालू असतो, आणि आपल्याकडे वॉशिंगवाला बॉनेट उघडून प्रेशर पंप मारतो ही नेहमीची गोष्ट. ती ओळ ज्यांनी वाचली नाही त्यांनी नेमकं हेच केलं असणार.

मजकुरात काहीच लिहिलं नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर मेसेजवर किंवा ईमेलवर मागून घ्या. तोंडी "चालतंय, या निवांत" यावर जाऊ नका.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय करतात? किती वेळ जातो?

ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग असेल तर काम तास-दोन तासांचं. बॅटरीची तार सोडतात आणि थोडा वेळ नुसते थांबतात, सिस्टीममधली साठलेली वीज उतरू द्यायला. घाई करणारा मेकॅनिक दिसला तर ओळखा की तो हे थांबणं गाळतोय. मग स्टिअरिंगच्या मागचे स्क्रू सोडून हॉर्नचा पॅड पुढे येतो, त्यामागचा पिवळा कनेक्टर निघतो आणि अख्खं युनिट बाहेर येतं. मास्तरांच्या गाडीचं काम होताना मी शेजारी उभा होतो. निघालेला डबा तळहातावर मावेल एवढा. चांदीसारखा चकचकीत, गंजाचा ठिपकाही नाही. मास्तर म्हणाले, "हा तर नवाच दिसतोय." बाहेरून नवाच दिसतो.

डॅशबोर्डमधली, शेजारच्या सीटपुढची एअरबॅग असेल तर जास्त वेळ लागू शकतो. फ्यूएल पंप किंवा वायरिंगचं काम असेल तर दिवस मोडतो असं धरूनच जा.

जाताना आरसीची प्रत न्या. येताना जॉबकार्ड घ्या, आणि त्यावर रिकॉलचं काम झाल्याचं, जुना भाग काढून नवा बसवल्याचं लिहून घ्या. नुसतं 'जनरल चेकअप' लिहिलेला कागद घेऊन बाहेर पडू नका. आठवड्याने चासी नंबर पुन्हा साइटवर टाका. 'पेंडिंग' गेलं असेल तरच काम संपलं.

पैसे द्यावे लागतात का? माझी वॉरंटी संपली आहे, सर्व्हिसिंगही बाहेर करतो.

एक पैसाही नाही. रिकॉलचा वॉरंटीशी संबंध नाही आणि सर्व्हिसिंग कुठे करता याच्याशीही नाही. दोष कारखान्यातून आलेला आहे. भाग आणि मजुरी, दोन्ही कंपनीचं.

"आलाच आहात तर ऑइल बदलून घ्या, अलाइनमेंट करून घ्या," असं म्हणतील. हवं तर करा, पण त्यावर रिकॉलचं काम अडवून ठेवता येत नाही.

तोच भाग तुम्ही आधीच स्वखर्चाने बदलला असेल तर बिल शोधून ठेवा आणि परताव्यासाठी कंपनीला लेखी अर्ज करा. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा निर्णय सहसा होत नाही.

"पार्ट आलेला नाही, पुढच्या महिन्यात या" असं सांगतात.

हेलपाटे घालू नका, नोंद करून घ्या. तुमचं नाव, चासी नंबर आणि तारीख टाकून भाग मागवल्याचा क्रमांक घ्या. शहरातल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या सर्व्हिस सेंटरलाही विचारा. जिथून गाडी घेतली तिथेच जायचं बंधन नाही. 'चालवू नका' प्रकारचं रिकॉल असेल तर पर्यायी गाडीची मागणी ईमेलने करा. मिळेलच असं नाही, पण मागणी केल्याची नोंद पुढे तक्रारीत कामाला येते.

दुचाकी आणि इलेक्ट्रिक स्कूटरलाही रिकॉल असतं का?

असतं. रॉयल एनफिल्डचं वर आलंच. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची एस१ प्रो स्कूटर पेटली. तो व्हिडिओ घराघरांत पोहोचला. पुढच्या महिन्यात कंपनीने त्या तुकडीतल्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. त्याच सुमारास ओकिनावानेही बॅटरीच्या तपासणीसाठी ३,२१५ स्कूटर परत मागवल्या.

इलेक्ट्रिक स्कूटर यादीत असेल तर ती घरात, जिन्याखाली किंवा सोसायटीच्या मीटररूमजवळ चार्ज करू नका. रात्रभर लावून झोपू नका. आपल्याकडे जिन्याखालची जागा हीच बाहेर पडायची एकमेव वाट असते.

कायदा काय सांगतो?

२०१२ पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची पद्धत होती. म्हणजे कंपनीने मनावर घेतलं तर. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ आलं. दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतर कुणालाही इजा होऊ शकत असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकतं. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या किंवा चाचणी संस्थेने दोष दाखवला, तर हे होऊ शकतं. पुण्याची एआरएआय ही अशा चाचणी संस्थांपैकी एक. आदेश निघाला तर कंपनीने दुरुस्ती करून द्यायची, तशीच किंवा अधिक चांगली गाडी बदलून द्यायची, नाहीतर पूर्ण किंमत परत करायची. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीच्या रिकॉलला दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. कंपनीने आपणहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही.

या नियमांत एक मोठी उणीव मला दिसते. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांपुरते आहेत. एअरबॅगचं वर वाचलंत ना? तिथे सातव्या वर्षानंतरच खरी काळजी सुरू होते. त्या गाड्यांसाठी मालकाला कंपनीच्या स्वेच्छेवर अवलंबून राहावं लागतं. ही मर्यादा वाढायला हवी.

माझ्या गाडीत दोष आहे, पण रिकॉल निघालेलं नाही. तक्रार कुठे करू?

परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलच्या तक्रारीसाठी वेगळा विभाग आहे. तिथे गाडीची माहिती देऊन दोष नोंदवता येतो. हे करायला लोक कंटाळतात, पण वर सांगितलेलं तक्रारींचं प्रमाण अशाच एकेका तक्रारीतून भरतं. गावातल्या ग्रुपवर टाकलेली तक्रार त्यात मोजली जात नाही.

कंपनी रिकॉलचं काम टाळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर दाद तिथेच मागायची, आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. जॉबकार्ड, ईमेल, भाग मागवल्याचा क्रमांक, हे सगळं तेव्हा लागतं.

रिकॉल झालेली गाडी विकताना किंमत पडते का?

काम झाल्याचा कागद असेल तर पडायचं कारण नाही. मी तर अशा गाडीला चांगलं म्हणतो, कारण तिचा एक महत्त्वाचा भाग नवा आहे. किंमत पडायला हवी ती बाकी असलेलं रिकॉल लपवून विकलेल्या गाडीची. विकताना तो कागद आरसीसोबत द्या. घेताना तो मागा.

रिकॉलच्या नावाने लिंक आली आहे. उघडू का?

नको. चलनाच्या नावाने बनावट ॲप फाइल पाठवून खाती रिकामी करणारे आहेतच, तशीच फाइल उद्या रिकॉलच्या नावानेही येईल. कंपनीला रिकॉलसाठी तुमचा ओटीपी, बँकेचा तपशील किंवा 'नोंदणी शुल्क' लागत नाही. मेसेज आला तर लिंक सोडून द्या आणि कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन चासी नंबर टाका.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याने तिथे जुनी गाडी घेतली आहे.

तिथे हे काम आपल्यापेक्षा सोपं आहे. एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर सगळ्या कंपन्यांसाठी एकच रकाना असतो. १७ अक्षरी व्हीआयएन टाकला की बाकी असलेली रिकॉल दिसतात. विद्यार्थी आणि नव्याने गेलेले लोक स्वस्तातली, दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी घेतात, आणि ताकाताच्या एअरबॅग नेमक्या त्याच गाड्यांत आहेत. त्यातल्या काहींना अजिबात चालवू नका अशी सूचना आहे. आज रात्री बोलणं होईल तेव्हा त्याला गाडीबाहेर जाऊन काचेच्या कोपऱ्यातल्या नंबराचा फोटो काढायला सांगा, आणि फोन चालू असतानाच तो नंबर टाकून बघा.